चष्मेवाल्याची परीक्षा कोण घेणार?

(नभोवाणीवरील भाषण)



मराठी भाषेत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा, दुसरा नाकावरच्या चष्म्याचा. चाळीस वर्षे उलटली की वर्तमानपत्र थोडे थोडे दूर धरावे लागते. पुढे पुढे हातच अपुरा पडू लागतो, आणि मग माणूस चष्मेवाल्याच्या दुकानाची पायरी चढतो. मी स्वतः त्याच वयाचा असून माझा पेशा शिक्षकाचा आहे. त्यामुळे स्वतःच्या चष्म्याइतकेच मुलांच्या नाकांवरचे चष्मेही माझ्या रोजच्या पाहण्यात येतात. हे चष्मे आपल्या डोळ्यांवर जो चढवितो, त्या माणसाविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात आपण बांगडे घेतो, ते ज्या तराजूत तोलले जातात त्या तराजूवर सरकारी शिक्का असावा लागतो. २००९ च्या वैध मापन कायद्याने व्यवहारातील वजनेमापे तपासून घेणे बंधनकारक आहे. शेजारच्या औषधांच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट असावा लागतो, आणि त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आपण पाहतो. त्याच रांगेत चष्म्याचेही दुकान असते. त्याची दुकान म्हणून नोंद झालेली असते, पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा कर भरलेला असतो. मात्र काउंटरमागे उभा असलेला माणूस डोळे तपासण्याची विद्या शिकला आहे किंवा नाही, हे त्या कागदांवरून मुळीच कळत नाही. अर्धा किलो सुंगटांसाठी समाजाने जी दक्षता घेतली, ती डोळ्यांसाठी घेऊ नये हे चमत्कारिक नव्हे काय?

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. या क्षेत्रात तीन निरनिराळी माणसे आहेत, आणि आपण तिघांनाही 'डोळ्यांचा डॉक्टर' म्हणून मोकळे होतो. पहिला नेत्रवैद्य. वैद्यकाची पदवी घेऊन त्याने पुढे डोळ्यांचा विशेष अभ्यास केलेला असतो. रोगाचे निदान, औषधयोजना व शस्त्रक्रिया हे त्याचे काम. दुसरा ऑप्टोमेट्रिस्ट. त्याने दृष्टिमापनाचे रीतसर शिक्षण घेतलेले असते. तो नंबर काढतो, आणि रोगाचे चिन्ह दिसल्यास रोग्याला नेत्रवैद्याकडे पाठवितो. तिसरा ऑप्टिशियन, म्हणजे आपला चष्मेवाला. लिहून आलेल्या नंबराप्रमाणे भिंगे कापून, घासून ती फ्रेममध्ये बसविणे आणि गिऱ्हाइकाच्या नाकाकानांशी नीट जुळवून देणे हे त्याचे खरे काम. तिघांचीही समाजाला गरज आहे. घोटाळा होतो तो तिसऱ्याने गुपचूप दुसऱ्याची, आणि कधी कधी पहिल्याचीही खुर्ची बळकावली म्हणजे.

या तिसऱ्या माणसाचे काम हलके आहे, असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक भिंगाला एक मध्यबिंदू असतो, आणि तो डोळ्याच्या बाहुलीसमोर बरोबर यावा लागतो. दोन बाहुल्यांमधील अंतर माणसागणिक निराळे असते. ते पट्टीने किंवा यंत्राने मिलिमीटरमध्ये मोजावे लागते. समजा, भिंग पाच नंबरचे आहे आणि त्याचा मध्यबिंदू चार मिलिमीटर बाजूला पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील चार्ल्स प्रेंटिस यांनी यासाठी एक सोपा नियम सांगितला. भिंगाच्या नंबराला सरकलेल्या अंतराने, ते सेंटिमीटरमध्ये धरून, गुणावे. पाच गुणिले दशांश चार, म्हणजे दोन प्रिझमचा दोष. तेवढ्याने दोन्ही डोळ्यांना एका वस्तूकडे पाहताना निष्कारण ओढाताण करावी लागते. आडव्याउभ्या दोषासाठी जे सिलिंडरचे भिंग देतात, त्याची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याचा अक्ष ठरलेल्या दिशेलाच बसला पाहिजे. तो तीस अंश फिरला, तर मूळ दोष जेवढा होता तेवढाच शिल्लक राहतो. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला चष्मा असून नसल्यासारखा होतो. गिऱ्हाईक बिचारे म्हणते, "मला चष्मा मानवत नाही." दुकानदार म्हणतो, "आठ दिवस वापरा, सवय होईल." कित्येकदा सवय होतेही, पण ती डोकेदुखीची होते.

मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिकच बिकट आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाला फळ्यावरचे दिसेना. वडिलांनी त्याला एका दुकानात नेले. यंत्रापुढे हनुवटी टेकविली, दोन मिनिटांत नंबराचा कागद बाहेर पडला, आणि संध्याकाळी चष्मा तयार! मुलाला फळा दिसू लागला खरा, परंतु पुस्तक वाचताना त्याचे कपाळ दुखू लागले व धडा अर्धा होण्यापूर्वीच तो मान खाली घालून बसू लागला. पुढे सरकारी इस्पितळात डोळ्यांत औषधाचे थेंब घालून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा खरा नंबर पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला.

यात यंत्राचा दोष नव्हता. बालकाच्या डोळ्यातील भिंग अतिशय लवचीक असते. यंत्रातील चित्राकडे पाहताना मूल नकळत डोळ्याचे स्नायू आवळते, आणि त्यामुळे उणे नंबर फुगून येतो. म्हणूनच मुलांचा नंबर काढताना थेंबांनी ते स्नायू सैल करून मग मोजण्याची पद्धत आहे. हे काउंटरवर, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात करावयाचे काम नव्हे. शिवाय एखाद्या मुलाचा एक डोळा चांगला व दुसरा अधू असतो. मेंदू अधू डोळ्याचा नादच सोडून देतो. हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत ओळखला तर बहुधा सुधारतो. पुढे तेच फार कठीण होऊन बसते. आमच्या ख्रिस्ती घरांतून १३ डिसेंबरला सांता लुसियाचे स्मरण करतात. तिच्या तसबिरीत तिच्या हाती ताटली असून तीत दोन डोळे दाखविलेले असतात. लहानपणी त्या चित्राची मला भीती वाटत असे. आता वाटते की, मुलांचे डोळे इतके उघड्यावर ठेवण्याची रीत आपल्या व्यवहारातही आहे.

दुसरे उदाहरण वयस्क माणसाचे. डिचोली भागात खनिजाच्या ट्रकांवर आयुष्य घालविलेले माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर ते घरी बसले. पुढे त्यांनी दोन वर्षांत तीन चष्मे बदलले, तरी उंबरठ्याला ठेच लागण्याचे काही थांबेना. अखेर एका नेत्रशिबिरात डोळ्यांतील दाब मोजला गेला आणि काचबिंदू असल्याचे उघड झाले. तोवर एका डोळ्याची बाजूची दृष्टी बहुतेक गेली होती, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. त्या तिन्ही दुकानदारांनी त्यांना फसविले असे मी म्हणणार नाही. चष्मे चांगले होते, दामही वाजवी होता. या रोगात मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. रोगी भिंतीवरच्या तक्त्यातील शेवटची ओळदेखील वाचून दाखवितो, आणि दुकानदाराला वाटते, सारे ठीक आहे. वाहन चालविण्याच्या परवान्यासाठी जो वैद्यकीय दाखला लागतो, त्यात २५ मीटरवरून मोटारीच्या पाटीचा क्रमांक वाचता येतो काय, असे विचारलेले असते. त्या प्रश्नालाही हा रोग सापडत नाही. तो सापडतो तपासणाऱ्याला संशय येण्याचे शिक्षण मिळालेले असेल, आणि रोग्याला पुढे पाठविण्याचा रिवाज असेल तरच. माझ्या मते परवान्याच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. आपले काम कोठे संपते हे ज्याला ठाऊक आहे आणि त्याबद्दल ज्याला कोणी जाब विचारू शकतो, असा माणूस दुकानात हवा.

ही चिंता आजची नाही. फ्लॉरेन्स शहरात १३०६ साली जोर्दानो द पिसा नावाच्या डोमिनिकन साधूने प्रवचनात सांगितले होते की, चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरचा. आणि गंमत अशी की, त्याच्या पाठोपाठच नियम आले! व्हेनिसच्या स्फटिक-कारागिरांच्या संघाने साधी काच स्फटिक म्हणून विकण्यास बंदी घातली. १३०१ साली वाचनाची काचेची भिंगे करण्यास परवानगी मिळाली ती काच ही काच म्हणूनच विकीन अशी शपथ घेणाऱ्याला. लंडनच्या चष्मेकारांच्या संघाला १६२९ साली राजाची सनद मिळाली. त्या संघाने १६७१ साली निकृष्ट ठरलेले बावीस डझन चष्मे जप्त करून भर रस्त्यात 'लंडन स्टोन' नावाच्या जुन्या दगडावर हातोड्याने फोडून टाकले. मला हा प्रकार पुष्कळ आवडतो. पण त्यात परीक्षा झाली ती मालाची. माणसाच्या परीक्षेला पुढे दोन शतकांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडेही चष्मा बराच जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संशोधक प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील चष्म्याच्या इतिहासावर लेख लिहून एक मनोरंजक पुरावा पुढे मांडला. विजयनगरचे व्यासराय चष्मा लावून ग्रंथ वाचीत, असा उल्लेख त्यांच्या समकालीन संस्कृत चरित्रात आहे. तो काळ १५२० च्या सुमाराचा. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली. तेव्हा हे भिंग आमच्याच बंदरातून वर गेले असेल, असे अनुमान करण्याचा मोह कोणाही गोवेकराला व्हावा.

माणसाच्या परीक्षेचा पहिला कायदा अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानाने १९०१ साली केला. प्रिझमचा नियम सांगणारे प्रेंटिस हेच न्यूयॉर्कमध्ये अशा कायद्यासाठी झगडले, आणि १९०८ साली तेथेही तो झाला. परंतु कायदा करताना तोल कसा जातो, याचा धडाही अमेरिकेनेच दिला आहे. ओक्लाहोमा संस्थानाने १९५३ साली असा नियम केला की, नेत्रवैद्याची किंवा ऑप्टोमेट्रिस्टची चिठ्ठी असल्यावाचून चष्मेवाल्याने फुटलेले भिंगही बदलून देऊ नये. फुटक्या तुकड्यावरून नंबर काढण्याचे यंत्र त्याच्यापाशी असले तरी नाही! आणि तयार चष्मे विकणाऱ्यांना मात्र त्याच कायद्याने मोकळे सोडले होते. प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५५ साली न्यायालयाने सांगितले की, असा नियम गैरसोयीचा असेलही, पण त्याचे फायदेतोटे तोलणे हे कायदेमंडळाचे काम आहे.

इंग्लंडने १९५८ साली ऑप्टिशियनांचा कायदा करून जनरल ऑप्टिकल कौन्सिल स्थापन केले. पुढे १९८० नंतरच्या दशकात तेथे चष्मे विकण्यावरील निर्बंध बरेच सैल करण्यात आले. तथापि सोळा वर्षांखालील मुलांना, तसेच दृष्टिहीन म्हणून नोंद झालेल्यांना चष्मा देणे हे काम नोंदणी झालेल्या माणसाच्या हाताखालीच झाले पाहिजे, हा नियम त्यांनी सोडला नाही. मला हा विवेक पटतो. चाळिशीच्या माणसाने वाचनाचा तयार चष्मा घेतला तर बिघडण्यासारखे थोडे असते. मुलाच्या बाबतीत बिघडण्यासारखे पुष्कळ असते.

भारताने काय केले? स्वातंत्र्य मिळाल्यावर लगोलग परिचारिकांसाठी १९४७ साली, औषधे देणाऱ्यांसाठी व दंतवैद्यांसाठी १९४८ साली कायदे झाले. दातांची व्यवस्था झाली, डोळ्यांची राहिली. इंग्लंडात कायदा झाला त्याच १९५८ साली आपल्याकडे अलीगढ व हैदराबाद येथे ऑप्टोमेट्रीचे शिक्षण सुरू झाले. १९७६ साली अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, आणि त्याखाली आरोग्यकेंद्रांसाठी नेत्रसहायक तयार होऊ लागले. पण शिकून बाहेर पडलेला माणूस आणि न शिकलेला माणूस यांच्यात कायद्याने भेद करणारी अखिल भारतीय नोंदवही नव्हती. ती व्यवस्था संसदेने २०२१ साली संबद्ध व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा करून केली. त्यात ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्रसहायक व दृष्टितंत्रज्ञ यांचा समावेश आहे. शिक्षणाचे किमान तास त्यात ठरवून दिले आहेत. राज्याराज्यांत परिषदा, त्यांच्या नोंदवह्या, आणि आचरणाची दखल घेणारे मंडळ, अशी त्याची रचना आहे. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. इतकी की, २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्य सरकारांना मुदत घालून द्यावी लागली.

हा कायदा स्वागतार्ह आहे. तरीही पेडण्याच्या बाजारातील माझा प्रश्न त्याने अर्धाच सुटतो. नंबर काढणारा त्याच्या कक्षेत आला. केवळ भिंग बसविणारा चष्मेवाला त्या यादीत नावाने आलेला नाही. आणि आपल्या तालुक्यांत नंबर काढणारा व भिंग बसविणारा हा पुष्कळदा एकच माणूस असतो.

आपल्या भागाची अडचण थोडी तपशिलात पाहू या. मोपाला २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. परंतु त्याच तालुक्यातील एखाद्या वृद्धेला डोळ्यांच्या मोठ्या तपासणीसाठी म्हापशाला किंवा थेट बांबोळीला जावे लागते. तिच्याबरोबर जाणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे ती जवळच्या दुकानात जाते, नाही तर फेरीत मांडलेल्या चष्म्यांतून एकेक नाकावर ठेवून जो बरा वाटेल तो उचलते. पेडण्याची माणसे बांद्याला व सावंतवाडीला जातात, डिचोलीची दोडामार्गाला. तेथे महाराष्ट्राचा अंमल. म्हणून प्रत्येक राज्याची नोंदवही एका केंद्रीय नोंदवहीला जोडली जाणे, हे सीमेवरच्या आम्हा लोकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

कोणी म्हणेल, नियम कडक करा आणि अशिक्षितांची दुकाने बंद करा. मी त्या मताचा नाही. दुकान बंद झाले म्हणजे नेत्रवैद्य आपोआप गावात येत नाही. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे दिसण्याचे साधे, स्वस्त चष्मे देऊन एक प्रयोग करण्यात आला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा पाचव्या हिश्शाहून अधिक वाढली होती. आमच्याकडे काजूगर निवडणाऱ्या व शिवणकाम करणाऱ्या बायांची गोष्ट निराळी कशी असेल? त्यांच्या हातून स्वस्त चष्मा काढून घेणारा नियम हा चांगला नियम नव्हे.

यास्तव मला मधला मार्ग सुचतो. जवळच्या वाचनाचे तयार चष्मे खुले असू द्यावेत. सोळा वर्षांखालील मुलाला मात्र नोंदणी झालेल्या माणसाच्या चिठ्ठीवाचून चष्मा देऊ नये. आज दुकानांत बसलेल्या अनुभवी चष्मेवाल्यांची एक परीक्षा घ्यावी, उणीव असेल तेथे काही महिन्यांचे शिक्षण द्यावे आणि त्यांची नावे भिंग बसविणारे म्हणून निराळ्या यादीत नोंदवावीत. वडिलांकडून मुलाकडे आलेले हे कसब पुष्कळ ठिकाणी खरोखर उत्तम आहे. ते वाया घालवू नये. राहता राहिली देखरेख. आम्हा शिक्षकांना तपासनिसाची सवय आहे. तो येणार म्हटले की हजेरीपट आदल्या दिवशीच पूर्ण होतो! तसा कोणी चष्म्याच्या दुकानातही यावा. त्यासाठी नवीन खाते काढण्याचे कारण नाही. आरोग्यकेंद्रातील नेत्रसहायकाने महिन्यातून एकदा दुकानात जावे, तयार झालेले चार-सहा चष्मे भिंगमापकावर ठेवून चिठ्ठीशी ताडून पाहावेत, आणि दुकानातून किती रोग्यांना पुढे पाठविले हे वहीत पाहावे. ज्या दुकानातून वर्षभरात एकही माणूस पुढे पाठविला गेला नाही, तेथे काही तरी चुकते आहे, असे मी समजेन. अर्थात नेत्रसहायकाच्या माथी हे काम टाकावयाचे तर त्याच्या मदतीला आणखी एक माणूस द्यावा लागेल. तो खर्च सरकारने टाळू नये.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर श्रोत्यांनी एवढे तरी करावे. दुकानात गेल्यावर नंबर कोणी काढला, त्याचे नाव व नोंदणी विचारावी. असे विचारण्यात अपमान करण्यासारखे काही नाही. नंबराचा कागद तारखेसह मागून घ्यावा, आणि बाहुल्यांमधील अंतरही त्यावर लिहून मागावे. फोनवरून चष्मे मागविणाऱ्या तरुण मंडळींना तर त्या आकड्याची गरज अधिकच आहे. वर्षभरात नंबर दोनदा बदलला, किंवा घरात कोणाला मधुमेह वा काचबिंदू असला, तर तिसऱ्या चष्म्यासाठी पैसे खर्चण्यापूर्वी आरोग्यकेंद्रात जाऊन डोळ्यांतील दाब व पडदा तपासून घ्यावा. आणि मुलाला चष्मा लागला असेल, तर त्या कागदाची एक प्रत वर्गशिक्षकाकडे द्यावी. म्हणजे त्याला कोणत्या बाकावर बसवावे, हे आम्हांला ठरविता येते.